समईच्या उजेडात कॅमेरा

बडोद्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर सावली हे तालुक्याचे गाव आहे. १७३२ साली डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा दगाफटक्याने वध झाला, तेव्हा त्यांच्या माणसांनी देह तातडीने सावलीस आणून तेथे अंत्यसंस्कार केले. पुढे त्यांच्या आणि दमाजीरावांच्या स्मरणार्थ येथे देवळे उभी राहिली. मुलानातवंडांना ही स्थळे दाखवावीत आणि येताना चार छायाचित्रे आणावीत, असे बडोदेकर मराठी कुटुंबांना वाटणे साहजिकच आहे. परंतु बाहेरच्या लख्ख उन्हातून जुन्या देवळाच्या मंडपात शिरावे, आणि कॅमेऱ्याने हट्ट धरावा! भिंग घरघर करीत पुढे-मागे फिरते, कोठेच स्थिरावत नाही. शेवटी हाती येते ते धूसर चित्र.

येथे दोष नेहमी अंधाराचाच असतो असे नाही. कॅमेरा शोधतो ती गडद आणि उजळ यांमधील सीमा. ती सीमा रेखीव दिसेल असे भिंग तो सरकवीत राहतो. काळवंडलेल्या सपाट भिंतीवर अशी सीमाच नसते, आणि मंद उजेडात जी असते तीही पुसट होते. पोलरॉइड कंपनीने १९७८ साली आणलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याची रीत निराळी होती. तो ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजी, त्यामुळे त्यास काळोखही चाले; मात्र खिडकीच्या काचेआडून चित्र घेऊ गेल्यास तो काचेलाच फसे. आजचे कॅमेरे मुख्यत्वे प्रकाशावरच विसंबतात.

तेव्हा त्यांस सीमा दाखवून द्यावी. आजींचे चित्र घ्यायचे असेल तर गालावर नव्हे, चष्म्याच्या कडेवर किंवा लुगड्याच्या जरीकाठावर नेम धरावा. समईच्या ज्योतीवर धरू नये. तिच्या झळाळीने कॅमेरा गोंधळतो. उजेड पडलेली पितळी कड बरी. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत कडेचे बिंदू एकाच दिशेची रेघ ओळखतात, म्हणून चौकटीतील मधला बिंदू वापरावा. तरीही आडवा काठ सापडत नसेल तर कॅमेरा उभा धरून पाहावा. ही युक्ती फार थोडे लोक करतात.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे खिशातील बॅटरी. सोबतच्या कोणी तरी क्षणभर मूर्तीच्या चौथऱ्यावर किंवा काठावर उजेड टाकावा. आपण बटण अर्धे दाबून फोकस बांधून घ्यावा, बॅटरी विझवावी, आणि मग बटण पूर्ण दाबावे. चित्रात समईचाच उजेड राहतो. फ्लॅशने सारे दिसते हे खरे, पण देवळातील ती गंभीर सावली मात्र नाहीशी होते, आणि माझ्या मते तिच्यासाठीच तर आपण तेथे कॅमेरा काढलेला असतो. फोकस बांधल्यावर आपण वा समोरच्याने पाऊलभरही हलू नये. मोबाइलवर हवी त्या जागी बोट काही क्षण दाबून ठेवले, की बहुतेक फोनांत फोकस तेथेच बांधला जातो.

एफ १.८ सारखे मोठ्या छिद्राचे भिंग असल्यास आत येणारा प्रकाश पुष्कळ वाढतो. परंतु नेमकेपणाची पट्टीही तितकीच अरुंद होते. आजींचे डोळे स्पष्ट आणि शेजारी बसलेल्या आजोबांचे धूसर, असे व्हायचे. दोघांना एका रेषेत बसवावे, हे उत्तम.

चित्र बिघडल्यास ते कशाने, हेही पाहावे. चेहरा धूसर पण मागचा खांब स्वच्छ असेल, तर फोकस चुकला. सारेच एका दिशेने ओघळल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला. तेथे बॅटरीचा उपयोग नाही, खांबाला पाठ टेकून उभे राहावे.

एवढे करूनही भिंग घिरट्या घालू लागले, तर स्वयंचलित फोकस बंद करावा, पडद्यावर चित्र मोठे करून हाताने कडे फिरवावे, आणि तीन-चार चित्रे लागोपाठ घ्यावीत. मात्र गाभाऱ्यात कॅमेरा काढण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे. बॅटरी पेटवण्यापूर्वी तर अवश्य.