इशारा पुसणे आणि धोका दूर करणे : तापमान-संवेदक ते पोलाद कारखाना

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा समावेश होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या रेल्वेमार्गांना रूळ पुरविणाऱ्या या कारखान्यात तापमान, दाब आणि वायूचे प्रमाण यांवर अहोरात्र लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष ठेवण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर संवेदकांकडे आले आहे. मात्र संवेदकाने दिलेला इशारा कोणी, केव्हा आणि कोणत्या आधारावर पुसावा, हा प्रश्न जितका तांत्रिक आहे तितकाच आर्थिक आणि प्रशासकीय आहे.

संवेदक इशारा कसा देतो?

झोतभट्टीतील सुमारे १,५०० अंश सेल्सिअसचा वितळलेला धातू मोजण्यासाठी थर्मोकपलसारखी साधने लागतात. त्या मोजमापांवर प्रक्रिया करणारे संगणक आणि विद्युत-फलक यांनाही उष्णतेपासून जपावे लागते. अशा उपकरणांत नखाएवढी अंकीय तापमान-संवेदक चिप बसवितात. ‘एलएम७५’ हे तिचे सुपरिचित उदाहरण होय. ती उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंतचे तापमान अर्ध्या अंशाच्या टप्प्याने सांगते.

या चिपमध्ये दोन मर्यादा नोंदविलेल्या असतात. वेगळी सूचना न दिल्यास वरची मर्यादा ८० अंश आणि खालची ७५ अंश असते. तापमान वरच्या मर्यादेपलीकडे गेले की इशारा सुरू होतो. दोन मर्यादांमध्ये अंतर ठेवण्याचे कारण सोपे आहे. एकच मर्यादा ठेवली, तर तापमान तिच्या आसपास घुटमळताच इशारा सतत चालू-बंद होत राहील. क्षणिक चढउताराने फसगत होऊ नये म्हणून लागोपाठ दोन, चार किंवा सहा वेळा मर्यादा ओलांडल्यावरच इशारा द्यावा, अशी सोयही तीत आहे.

इशारा पुसण्याच्या दोन पद्धती

पहिल्या, म्हणजे तुलना पद्धतीत तापमान ७५ अंशांखाली उतरल्यावर इशारा आपोआप मावळतो. येथे इशारा आणि वस्तुस्थिती यांचा संबंध कायम राहतो.

दुसऱ्या, म्हणजे व्यत्यय पद्धतीत नियंत्रकाने चिपमधील नोंद वाचेपर्यंत इशारा चालू राहतो आणि वाचताच पुसला जातो. त्या क्षणी तापमान ८५ किंवा ९० अंश असले तरीही तो पुसला जातो. शिवाय, पुढचा इशारा तापमान खालच्या मर्यादेखाली गेल्यावरच मिळतो. मधल्या काळात उष्णता वाढत गेली तरी चिपचा इशारा शांत असतो. म्हणूनच नोंद वाचल्यानंतर नियंत्रकाने पंखा सुरू करणे, भार कमी करणे आणि प्रत्यक्ष तापमान पुन्हा पुन्हा तपासणे अपेक्षित असते. पुसलेला इशारा हा केवळ निरोप पोहोचल्याचा पुरावा होय. धोका टळल्याचा नव्हे.

माणसांची यंत्रणा आणि तोच दोष

हा भेद नियंत्रण-कक्षातही लागू पडतो. २४ जुलै १९९४ रोजी ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या अखेरच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे आले होते. इतके इशारे समजून घेणे अशक्य असते. ते फक्त स्वीकारून बाजूला सारले जातात. या कारखान्याचे नुकसान सुमारे ४.८ कोटी पौंडांचे झाले. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सामान्य स्थितीत दर दहा मिनिटांना सरासरी एकच इशारा असावा, असा दंडक सुचविण्यात आला.

भोपाळची घटना याहून गंभीर आहे. तेथील मिथाइल आयसोसायनेट शून्य ते पाच अंशांदरम्यान साठविणे अपेक्षित होते आणि ११ अंशांवर इशारा मिळणार होता. परंतु प्रशीतन यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. टाकीचे तापमान कायमच मर्यादेच्या वर राहू लागल्याने त्या इशाऱ्याला अर्थच उरला नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री त्याची किंमत हजारो नागरिकांनी मोजली.

कायद्याची भूमिका

भोपाळनंतर, १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले. त्यातील कलम ४१-एच परीक्षार्थींनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. नजीकच्या धोक्याची वाजवी भीती वाटल्यास ती व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा अधिकार या कलमाने कामगाराला दिला. भीती रास्त वाटल्यास व्यवस्थापनाने तत्काळ उपाय योजावा आणि निरीक्षकाला अहवाल पाठवावा. रास्त वाटली नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे सोपवावे, अशी ही तरतूद होती. म्हणजेच इशारा ज्याला मिळाला, त्याला तो परस्पर पुसता येत नाही. याच आशयाची तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेतही आहे.

अर्थशास्त्रीय बाजू

इशारा मिळताच उत्पादन थांबविले, तर तोटा त्याच पाळीच्या हिशेबात दिसतो. टळलेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. याउलट, अपघात झाल्यास त्याचा मोठा भार कामगारांची कुटुंबे, रुग्णालये आणि परिसर यांच्यावर पडतो. खर्च एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, अशा या स्थितीस अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. केवळ उत्पादनाच्या आकड्यांवर बढती ठरत असेल, तर इशारा पुसण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. खोट्या इशाऱ्यांनाही किंमत असते, कारण वारंवार खोटा ठरलेला इशारा खरा असतानाही दुर्लक्षिला जातो. म्हणून मर्यादा योग्य ठिकाणी बांधणे हीदेखील सुरक्षेतील गुंतवणूकच होय.

समारोप

१२ जून २०१४ रोजी भिलाईत पंपगृहातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घटला आणि झोतभट्टीचा वायू पाण्याच्या वाहिनीत शिरला. दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा त्यात मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना लागलेल्या आगीतही अनेकांचे प्राण गेले. झोतभट्टीच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. त्यामुळे मानवी इंद्रिये जेथे थकतात तेथे संवेदकाचाच आधार उरतो. तो आधार टिकवायचा असेल, तर प्रत्येक इशाऱ्यापुढे तीन नोंदी असाव्यात : तो कोणी स्वीकारला, कारण कोणी दूर केले आणि मोजमाप पूर्ववत झाल्याची खात्री कोणी केली. तिसरी नोंद होईपर्यंत इशारा पुसला गेला, असे मानू नये.