ऑनलाइन कोल्हापुरी : गिऱ्हाईक येतं, पण थांबत का नाही?

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या वळणाची चप्पल दाखवली, आणि आपल्याकडे गदारोळ झाला. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानदारांपासून गावातल्या कारागिरांपर्यंत अनेकांना वाटलं, आता वेबसाइट काढावी, नाव झालंच आहे. नाव ऐकून लोक साइटवर येतातही. पण चार फोटो बघून ते का निघून जातात, याबद्दल आपल्या धंद्यात बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज देखणेपणाचा. सरकते बॅनर, मोठमोठे फोटो, एखादा व्हिडिओ. साइट करून देणारा याचेच पैसे घेतो. मोबाइलने काढलेला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे दहा एका पानावर टाकले की तालुक्याच्या गावातलं नेटवर्क गुदमरतं. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. फोटोचा आकार दीड-दोनशे केबीवर आणला, तर मोबाइलच्या पडद्यावर फरक जाणवतही नाही. नवीन साइटपेक्षा हे काम कितीतरी स्वस्त.

दुसरा गैरसमज मला सर्वांत महागात पडणारा वाटतो : ‘साइज काय, सगळ्यांना आपला नंबर माहीत असतो.’ माहीत असतो तो बुटाचा, आणि तोही कंपनीगणिक बदलतो. कोल्हापुरीचं चामडं सुरुवातीला कडक असतं, वापरात सैल होतं, अंगठा आधी करकचतो. दुकानात गिऱ्हाईक पाय घालून बघतं, मालक म्हणतो, ‘आठ दिवसांत बसेल.’ ऑनलाइन हे वाक्य कुणी म्हणायचं? ते पानावरच लिहायला हवं. कागदावर उभं राहून पायाची रेघ मारा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजा, इतक्या सेंटिमीटरला हा नंबर, असा तक्ता द्या. पंजा रुंद असेल तर काय करायचं, तेही सांगा. मापाची अदलाबदल करून देणार असाल, तर तो खर्च कुणाचा, हेही तिथेच लिहा.

‘उणिवा सांगितल्या तर गिऱ्हाईक पळतं’ हाही त्याच घरातला. ही चप्पल पावसात वापरायची नाही, भिजली तर सावलीत वाळवायची, अधूनमधून तेल लावायचं, हे आधी न सांगितल्यास जुलैत तक्रार ठरलेली. उलट चामडं कुठलं, हिरडा-बाभळीने कमावलेलं आहे का, शिलाई हाताची आहे का, हे सांगणारा विक्रेता खरा वाटतो. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९मध्ये मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर, एवढ्याच जिल्ह्यांसाठी ते आहे. तरी रेक्झिनची चप्पल ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ म्हणून विकली जातेच. तळाचा, कडेचा आणि वेणीचा जवळून काढलेला फोटो हा त्यावरचा तुमचा पुरावा.

आता पैशाचं. ‘किंमत कमी दाखवावी, कुरिअरचा खर्च शेवटी जोडावा.’ ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या सरासरीनुसार कार्टमध्ये वस्तू टाकलेल्या दहांपैकी सुमारे सात जण खरेदी अर्धवट सोडतात, आणि त्यांनी सांगितलेल्या कारणांत शेवटी वाढलेला खर्च अग्रभागी असतो. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचनेच्या तेरा प्रकारांना मनाई केली आहे. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं त्यात आहे. गोदामात ढीग असताना ‘फक्त २ जोड शिल्लक’ म्हणणंही आहे.

कुरिअरचा हिशेब मात्र स्वतः शिका. अनेक कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५०००ने भागून वजन धरतात. ३० बाय २० बाय १०चा खोका म्हणजे १.२ किलो, आत चप्पल ८०० ग्रॅमची असली तरी. खोका लहान केला की दर उतरतो, आणि तो किमतीत धरून टाकता येतो.

कॅश ऑन डिलिव्हरीने विक्री वाढते, खरं आहे. पण पार्सल नाकारलं गेलं की जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या माथी. पाठवण्याआधी एक फोन करावा.

‘नियम मोठ्या कंपन्यांना’ असंही कानावर येतं. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. एकट्याचा धंदा असेल तर अधिकारी तुम्हीच. स्वतःच ग्राहक बनून चांगले अभिप्राय लिहिणंही याच नियमांत बसत नाही.

राहिलं जुनं गिऱ्हाईक. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घाला : नंबर सेव्ह करा, पट्टा तुटला तर कळवा. दुरुस्ती करून देणारा दुकानदार लोक विसरत नाहीत.

हे सगळं करण्याआधी एक करा. घरातल्या कुणाला तरी त्यांच्या मोबाइलवरून तुमच्याच साइटवर एक जोड मागवायला सांगा. शेजारी बसा, मध्ये बोलू नका, आणि ते जिथे अडतील ते लिहून घ्या.