हर्स्टचा वाडा गेला, पाहुणेघर उरलं

वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने १९२०च्या दशकात अभिनेत्री मॅरियन डेव्हिससाठी कॅलिफोर्नियात, सँटा मोनिकाच्या वाळूवर, शंभराहून अधिक खोल्यांचा वाडा बांधला. बांधकामात वास्तुकार ज्युलिया मॉर्गनचा मोठा हात होता. चार्ली चॅप्लिनसारखी मंडळी इथल्या मेजवान्यांना येत.

पुढे वाडा विकला गेला, त्याचं हॉटेल झालं, आणि १९५०च्या दशकात तो पाडला गेला. एवढी मोठी वास्तू पोसणार कोण?

पाहुण्यांसाठीचं घर आणि फरशांनी नटलेला तरणतलाव तेवढा वाचला. १९५९मध्ये राज्य सरकारने ही जागा विकत घेतली, तरी तिथे अनेक वर्षं सभासदांचा खासगी क्लबच चालला. जमीन सरकारी, मजा मूठभरांची! १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात इमारतींना तडे गेले आणि दारं बंद झाली.

दुरुस्तीला मोठा हातभार लागला तो ॲननबर्ग फाउंडेशनच्या २ कोटी ७५ लाख डॉलरच्या देणगीचा. २००९पासून ‘ॲननबर्ग कम्युनिटी बीच हाउस’ सगळ्यांना खुलं आहे, सभासदत्वाशिवाय. उन्हाळ्यात तिकीट काढून कुणीही त्या तलावात पोहतं.