श्रीधरनांनी कुठे केलं होतं एमबीए?

इंजिनिअर झालेली मुलगी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं म्हणते, फीचा आकडा सांगते, आणि बांधकामाच्या साइटवर उभी हयात गेलेले एखादे मामा तोफ डागतात, ‘‘त्यात शिकायचं काय? चार वर्षं साइटवर काढ, आपोआप येतं. श्रीधरनांनी कुठे केलं होतं एमबीए?’’

नव्हतंच केलं. ई. श्रीधरन हे काकीनाड्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेले सिव्हिल इंजिनिअर. 1964च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेला पांबनचा पूल त्यांनी 46 दिवसांत पुन्हा उभा केला, तेव्हा त्यांच्याजवळ व्यवस्थापनाची कसलीही पदवी नव्हती. मामांचं एवढं बरोबर. गडबड पुढे आहे. 1990मध्ये कोकण रेल्वेची सूत्रं हाती घेताना श्रीधरनांच्या गाठीशी रेल्वेतली साडेतीन दशकं होती. मामा भाचीला चार वर्षं सांगताहेत. शिवाय तेवढाच अनुभव घेऊन निवृत्त झालेल्या आणि कुणाला नावही ठाऊक नसलेल्या शेकडो इंजिनिअरांचा हिशेब कोण ठेवणार?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोकण रेल्वेलाही उशीर झालाच. पाच वर्षांत काम पुरं करायचं ठरलं होतं. सबंध मार्ग खुला झाला 26 जानेवारी 1998ला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटलं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओली माती पुन्हापुन्हा ढासळत राहिली. 91 बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल असलेला मार्ग साडेसात वर्षांत उभा राहणं हा पराक्रमच, त्यात वाद नाही. पण अशा मातीतल्या बोगद्यांना इतरत्र किती वेळ लागला होता, हे बघून मुदत ठरवली असती तर ती पाच वर्षांची ठरली असती का? हा प्रश्न साइटवर कुणी विचारत नाही, कारण तिथे मुदत आधीच छापून आलेली असते. तो वर्गात विचारला जातो.

आणि त्याचं उत्तर अंदाजपंचे दिलं जात नाही. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979मध्येच दाखवलं होतं, की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेमाने कमी धरतो, तेच काम पूर्वी रखडल्याचा अनुभव असला तरीही. संशोधक बेंट फ्लिव्ह्बियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002मध्ये रस्ते, पूल आणि रेल्वेचे 258 प्रकल्प तपासले. दर दहांपैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता. रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरी 45 टक्क्यांच्या आसपास होती. या प्रकल्पांवर अनुभवी माणसं नव्हती असं कोण म्हणेल? अनुभव होता, पण ज्याचा त्याचा, आपापल्या साइटपुरता.

लांब कशाला जायचं? वांद्रे-वरळी सागरी सेतू सुमारे 660 कोटींत पाच वर्षांत व्हायचा होता. मच्छीमारांचा विरोध, कोर्टकचेऱ्या, आराखड्यातले बदल यांतून वाट काढत तो 2009मध्ये खुला झाला आणि खर्च गेला 1,600 कोटींच्या घरात. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज 372 कोटींचा होता, आता आकडा 18 हजार कोटींच्या वर आहे. भूसंपादन, पुनर्वसन, कंत्राटातली कलमं, राजकारण हे सगळे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अभ्यासाचे विषय आहेत. काँक्रीट ओतून ते सुटत नाहीत.

साइटवर जे दिसत नाही त्याचं एक साधं गणित पाहा. दहा कोटींचं काम आहे. आजपर्यंत पाच कोटींचं काम व्हायला हवं होतं, खर्च झाला 4.8 कोटी. साहेब खूश, बजेटच्या आत आहोत! पण प्रत्यक्ष झालेल्या कामाची किंमत भरते चारच कोटी. म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक रुपयातून 83 पैशांचं काम निघालं. हाच वेग राहिला तर दहा कोटींचं काम बारा कोटींना पडणार, आणि हे अर्ध्या वाटेवरच कळतंय. ही ‘अर्न्ड व्हॅल्यू’ पद्धत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967पासून कंत्राटदारांवर बंधनकारक केली. आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी आर.ए. बिल (चालू कामाचं बिल) किती निघालं यावर प्रगती मोजतात.

अनुभव की अभ्यास हे भांडणच मुळात खोटं आहे. ब्रिटिश सरकारने 2012मध्ये ऑक्सफर्डच्या साथीने मोठ्या प्रकल्पांच्या प्रमुखांसाठी एक अकादमी काढली. तिथे कोण जातं? नवखे पदवीधर नव्हे, केस पिकलेले अधिकारी.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण चिवट. ‘पीएमपी केलं की मास्टर्सची गरज नाही’: पीएमपी हे परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र आहे, त्या परीक्षेला बसायलाच पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि तीन वर्षांनी प्रमाणपत्र नूतनीकरणाला येतं, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही. ‘प्रायमावेरा सॉफ्टवेअर आलं की झालं’: मग एक्सेल येणारा प्रत्येक जण सीए झाला असता. ‘हे फक्त सिव्हिलवाल्यांचं’: क्रिटिकल पाथची पद्धत 1957च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत घडली, आणि उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो हा नियम फ्रेड ब्रूक्सने आयबीएमच्या सॉफ्टवेअरवरून मांडला. ‘अमेरिकेत केलं की तीन वर्षं काम करता येतं’: शिक्षणानंतर 12 महिने मिळतात, पुढचे 24 महिने अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत असेल तरच, आणि ते अभ्यासक्रमाच्या सरकारी कोडवर ठरतं, नावावर नाही. ‘बाहेर पडलं की थेट मॅनेजर’: नाही. बहुतेक जण प्लॅनिंग इंजिनिअर म्हणूनच सुरुवात करतात आणि तेच योग्य आहे.

मामांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. ज्याने साइट, फॅक्टरी किंवा सॉफ्टवेअरची एकही डेडलाइन चुकताना पाहिलेली नाही, त्याला या अभ्यासातलं निम्मं पोकळ वाटतं. दोनतीन वर्षं काम करून गेलेल्याला हेच वर्ग कामाचे वाटतात. म्हणून पदवी हातात पडल्या पडल्या कर्ज काढून धावण्यात शहाणपण नाही. आणि जायचं ठरलंच, तर माहितीपत्रकातले पॅकेजचे आकडे बाजूला ठेवून विषयांची यादी मागवा. कंत्राट कायदा, जोखीम, खर्चाचे अंदाज आणि फसलेल्या प्रकल्पांचा अभ्यास त्यात नसेल, तर फी भरू नका.