वेळापत्रकात शिरलेला स्वयंपाक

१९८५ साली जपानच्या ‘मॉर्निंग’ या नियतकालिकात ‘कुकिंग पापा’ नावाची चित्रमालिका सुरू झाली. तिचा नायक काझुमी अराइवा. फुकुओकातल्या एका कंपनीत नोकरी, धिप्पाड अंगकाठी, चौकोनी हनुवटी, बोलणं मोजकं. ऑफिसातून घरी आला की हा गडी बाह्या सरसावून ओट्याशी उभा राहतो आणि घरच्यांना पोटभर जेवू घालतो. बायको पत्रकार, तिला स्वयंपाक फारसा जमत नाही. पण अराइवाच्या हातची चव चाखलेले सहकारी त्याच्या बायकोचं तोंड भरून कौतुक करतात आणि तो त्यांचा गैरसमज तसाच राहू देतो. हे गुपित त्याने वर्षानुवर्षं जपलं. चित्रकार तोचि उएयामा प्रत्येक भागाबरोबर एका पदार्थाची कृतीही देत आले आणि मालिकेचे दीडशेहून जास्त खंड निघाले.

त्या गुपिताचं मला फार नवल वाटतं. एक सज्जन, कर्तबगार माणूस भाजी चिरणं लपवत होता, आणि असंख्य वाचकांना ते लपवणं अगदी स्वाभाविक वाटत होतं.

तेही कुठे? ज्या देशात हॉटेलातला स्वयंपाक पूर्वापार पुरुषांच्या हाती आहे तिथे. सुशी वळणारे उस्ताद पुरुषच. बायकांचे हात उबदार असतात, त्याने मासा बिघडतो, अशी समजूतही तिथे सांगितली जायची. आपल्याकडे तरी वेगळं काय? हजाराची पंगत उठवणारा आचारी पुरुष, विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेला भीम पुरुष. चुलीतला जाळ तोच, सुरी तीच. चारचौघांत, पैसे घेऊन स्वयंपाक केला तर तो मर्दाचा हुन्नर. रोज, फुकट, घरच्या चार माणसांसाठी केला की बायकी काम. ही रेघ मारली कुणी?

जपानी वडीलधारे यावर एक जुनी म्हण ऐकवायचे: पुरुषाने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. तिचा माग काढत गेलं की आपण सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये, मेंग्झी या तत्त्वज्ञाच्या ग्रंथापाशी पोचतो. तिथे एक गोष्ट आहे. नव्या घंटेच्या विधीसाठी एक बैल बळी द्यायला नेत होते. त्याचं थरथरणं राजाला पाहवेना. त्याने बैलाला सोडायला लावलं आणि त्याच्या जागी मेंढी आणायला सांगितलं. लोक म्हणाले, राजा चिक्कू आहे. मेंग्झी राजाला म्हणाला, ही तुझी करुणा आहे. ज्या जिवाचा आक्रोश ऐकला त्याचं मांस सज्जनाला खाववत नाही, म्हणून तो मुदपाकखान्यापासून लांब राहतो. एवढीच गोष्ट. तिच्यात बायकांचं काम, पुरुषांचं काम असं काही नाहीच. कत्तलीच्या दुःखाबद्दल बोललेलं वाक्य शतकं ओलांडता ओलांडता पुरुषांना ओट्यापासून सूट देणारं फर्मान होऊन बसलं.

गंमत म्हणजे जपानच्याच परंपरेत नेमकी उलटी शिकवणही आहे. १२२३ साली दोगेन हा तरुण भिक्षू चीनला गेला. जहाज बंदरात उभं असताना एकसष्ट वर्षांचा एक भिक्षू त्यावर वाळवलेली अळंबी विकत घ्यायला आला. तो मठाचा आचारी होता. दोगेनने त्याला विचारलं, या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून तुम्ही रांधण्यात का रमता? म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही. दोगेनला हे इतकं लागलं की पुढे १२३७ मध्ये त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तांदूळ कसे धुवावेत, त्यातले खडे कसे निवडावेत, हे त्यात बोधाच्या वाटेवरचं काम म्हणून येतं. मठात ही जबाबदारी मुरलेल्या भिक्षूंनाच मिळायची.

दोन्ही परंपरा हाताशी असताना विसाव्या शतकातल्या जपानने पहिली निवडली, आणि ती मुलांच्या अंगात मुरवण्याचं काम केलं शाळेने. इथून पुढचा इतिहास मला सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण तो तारखांनिशी दिसतो. युद्धानंतर, १९४७ पासून, प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत मुलगे-मुली दोघांनाही गृहविज्ञान होतं. अकरा वर्षांचा मुलगा बटण टाकायला आणि भात शिजवायला शिकत होता. मग १९५८ च्या अभ्यासक्रमाने, जो १९६२ पासून लागू झाला, माध्यमिक शाळेत वाटणी केली: मुलग्यांना लाकूडकाम, धातुकाम, यंत्रं आणि वीज, मुलींना स्वयंपाक आणि शिवण. उद्योगांच्या भरभराटीचे दिवस होते, देशाला तंत्रज्ञ हवे होते. १९७३ पासून वरच्या वर्गांतही गृहविज्ञान सगळ्या मुलींना सक्तीचं झालं आणि मुलग्यांच्या वाट्याला शारीरिक शिक्षणाचे जास्त तास आले. म्हणजे अकराव्या वर्षी एकाच पातेल्यातला भात ढवळणारी मुलं तेराव्या वर्षी दोन वेगळ्या खोल्यांत जात. पुढे बऱ्याचजणांना ही वाटणी निसर्गानेच केली आहे असं वाटू लागलं.

हे पुसायला वीस वर्षं झगडावं लागलं. १९७४ मध्ये शिक्षिका आणि कार्यकर्त्यांनी, मुलगे आणि मुलींनी एकत्र गृहविज्ञान शिकावं यासाठी संघटना उभारली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या फुसाए इचिकावा त्यांच्यात होत्या. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९७९ चा करार या संघटनेच्या कामी आला, कारण मुलगे आणि मुलींना सारखाच अभ्यासक्रम हवा असं त्यात लिहिलं आहे. जपानने १९८५ मध्ये तो मान्य केला, १९८९ मध्ये अभ्यासक्रम बदलला, आणि १९९३ पासून माध्यमिक व १९९४ पासून उच्च माध्यमिक वर्गांत मुलग्यांच्याही हातात सुरी आली.

त्या तासाला काय शिकवतात? मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, छोटा ५ चा, वाटी २०० ची. साधी वाटणारी ही मापं आया कागावा या स्त्री-डॉक्टरने १९४८ मध्ये रूढ केली. त्या बेरीबेरी आणि आहार यांवर काम करत होत्या. चव कुणाच्या तरी ‘हाताला’ असते असं आपण म्हणत राहिलो, तर ज्याच्या हाताला ती नाही त्याची आयुष्यभराची सुटका होते. माप आलं की ती पळवाट बंद. मग येतो ‘सा-शि-सु-से-सो’. ही जपानी वर्णमालेतली एक ओळ (त्या वर्णमालेचा क्रम संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून तिकडे गेला आहे), आणि तीच मसाले घालण्याचा क्रमही सांगते: आधी साखर, मग मीठ, मग शिर्का, मग सोया सॉस, शेवटी मिसो. यात रसायनशास्त्र दडलेलं आहे. साखरेचा रेणू मिठाच्या मानाने मोठा, बटाट्यात-मुळ्यात सावकाश शिरणारा. मीठ चपळ, आणि ते भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. मीठ आधी पडलं तर साखर मागे राहते. शिर्का, सोया सॉस आणि मिसो यांचा सुवास उष्णतेने उडतो, म्हणून ते नंतर. तेरा वर्षांच्या मुलाला हे कळलं की स्वयंपाकघर म्हणजे त्याच्या लेखी एक प्रयोगशाळाच होते, आणि तिथे उभं राहायला लाजण्याचं कारण उरत नाही.

शाळेबाहेरही वारं फिरत होतं. १९७७ मध्ये टोकियोत काही पुरुषांनी ती जुनी म्हण उलटी करून, स्वयंपाकघरात शिरू या, अशा नावाचं मंडळ काढलं होतं. १९९० च्या शेवटी ‘दानच्यू’ हे खाद्यमासिक निघालं, त्याच्या नावातही हीच हाक आहे. १९९६ पासून वीस वर्षं ‘स्मॅप’ या गाजलेल्या गायकचमूतले देखणे तरुण दूरचित्रवाणीवर एप्रन बांधून पाहुण्यांना रांधून वाढत होते, आणि देश ते पाहत होता. अराइवाच्याच ‘मॉर्निंग’मध्ये २००७ साली फुमी योशिनागा यांची ‘काल काय जेवलास?’ ही चित्रमालिका आली. तिचा नायक वकील आहे. तो संध्याकाळी वेळेवर ऑफिस सोडतो, दुकानात भाव पाहून भाजी घेतो आणि आपल्या जोडीदारासाठी, दुसऱ्या एका पुरुषासाठी, रोजचं साधं जेवण बनवतो. अराइवापासून इथवर यायला बावीस वर्षं लागली.

मग घरात किती फरक पडला? हिरोमी हारा आणि नूरिया रोद्रिगेझ-प्लानास या अर्थतज्ज्ञांनी, एकत्र वर्गात शिकलेल्या पिढीचं पुढे काय झालं ते २०१६ च्या वेळवापराच्या आकडेवारीत तपासलं. या वर्गांतून गेलेल्या स्त्रिया नोकरीत अधिक टिकून होत्या आणि त्यांचे नवरे घरकामाला जास्त वेळ देत होते, तोही मुख्यतः शनिवार-रविवारी. मला यातला शनिवार-रविवार फार महत्त्वाचा वाटतो. कौशल्य होतं, मनही बदललं होतं, पण सोमवार ते शुक्रवार तो माणूस घरात नव्हता. रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबणं हीच निष्ठा आणि तेच पुरुषपण, हा धडा कुठल्याच शाळेने रद्द केला नव्हता. निवृत्तीनंतर जपानी पुरुष मोठ्या संख्येने पाककलेच्या वर्गांत दिसतात, त्यामागेही हेच आहे. साठीनंतर पहिल्यांदा त्यांची संध्याकाळ त्यांची होते.

सरकारी पाहणीत सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांचे आकडे आहेत. १९९६ मध्ये नवरा घरकाम आणि मुलांसाठी दिवसाला ३८ मिनिटं देत होता, २०२१ मध्ये १ तास ५४ मिनिटं. बायकोचे ७ तास ३८ मिनिटं होते, ते ७ तास २८ मिनिटं झाले. त्याची वेळ तिपटीने वाढली आणि तिची जेमतेम दहा मिनिटं वाचली. हे आकडे वाचताना मन आनंदतं आणि लगेच खट्टूही होतं.

आपल्याकडेही आता शाळेच्या पुस्तकापासून सुरुवात झाली आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष एकत्र बसून भाजी निवडतानाचं चित्र आलं, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. हे फार चांगलं झालं. पण जपानची मुलं चित्र पाहून थांबली नाहीत, त्यांनी तांदूळ धुतले. भारताच्या वेळवापर पाहणीत दिवसभरात काहीतरी घरकाम केलेले पुरुष २०१९ मध्ये २६.१ टक्के होते आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के, बायका ८१.२ वरून ८१.५ टक्क्यांवर गेल्या. पाच वर्षांत एका टक्क्याची हालचाल. कार्यानुभवाच्या तासाला आपल्या अनेक शाळांत मुलींना शिवण-भरतकाम आणि मुलग्यांना सुतारकाम असायचं, हे अजून कित्येकांना आठवत असेल. त्या तासाला प्रत्येक मुलाने वरण-भाताचा कुकर लावून, फोडणी देऊन, शेवटी ओटा पुसून दाखवावा, यासाठी लागतं तरी काय? एक शेगडी, काही भांडी आणि वेळापत्रकातली एक जागा.

जपानने आता घड्याळाकडे मोर्चा वळवला आहे. २०१९ पासून जादा कामाला साधारणतः महिन्याला ४५ तासांची कायदेशीर मर्यादा आहे. मूल झाल्यावर संगोपनाची रजा घेणारे बाप २०१२ च्या सुमारास शंभरात दोनसुद्धा नव्हते. २०२४ च्या पाहणीत ते प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं. १९९३ मध्ये सुरी धरायला शिकलेले मुलगे आज चाळिशीच्या मध्यावर आहेत, आणि जपानी ऑफिसांत विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसण्याचं वयही साधारण तेच. हाताखालच्या तरुण बापाच्या रजेच्या अर्जावर सही करायची की कपाळाला आठ्या घालायच्या, हे आता त्यांनी ठरवायचं आहे.