डोडोचा उडता भाऊबंद

निकोबारी कबूतर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कबूतर वाटतच नाही. मानेवरून खाली लोंबणारी लांब सुटी पिसं, हिरवी पाठ, तिच्यावर तांब्याची आणि निळीची झाक, दणकट तांबूस पाय, चोचीच्या बुडाशी काळी गाठ आणि मागे आखूड, पांढरीशुभ्र शेपटी. झाडाखाली उभं असलं की नुसतं काळपट दिसतं. उन्हाचा कवडसा अंगावर पडला की मग त्याचे रंग कळतात.

माझे वडील, अण्णा, फौजेतून निवृत्त झाले आणि आम्हाला घेऊन साताऱ्याहून थेट ग्रेट निकोबार बेटावर कॅम्पबेल बेला गेले. १९६९ पासून पुढची काही वर्षं सरकारने तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली. पंजाबी, तमिळ, मल्याळी कुटुंबांबरोबर त्यात काही मराठीही होती. नारळ-सुपारीच्या वाडीमागे लगेच जंगल लागायचं. पाचोळ्यात कुणी चालल्यासारखी खसखस आली की अण्णा हात वर करून आम्हा भावंडांना थांबवायचे. "पळू नका गं, ते पायी हिंडतंय, हिंडू दे त्याला."

खरोखरच त्याचा दिवस जमिनीवर जातो. चोचीने पाचोळा उलटायचा, पडलेली फळं, बिया, एखादा किडा टिपायचा. चाहूल लागली तर जड पंखांनी जवळच्या फांदीवर जाऊन बसायचं. फळं खाणारी बरीचशी कबुतरं बी अख्खी गिळून तशीच बाहेर टाकतात. याचं तसं नाही. याच्या पोटात जाड स्नायूंची पेषणी असते आणि तिच्यात गिळलेले खडे असतात. जात्यात धान्य भरडावं तशी टणक बी तिथे भरडली जाते. याच खड्यांचे दागिने करण्यासाठी काही ठिकाणी या पक्ष्याला मारलं गेलं, मांसासाठी तर सगळीकडेच.

पेषणीतले खडे डोडोच्या पोटातही सापडत. नातं मात्र त्याहून पक्कं आहे. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जपलेल्या डोडोच्या अवशेषातून डीएनए काढून बेथ शापिरो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की आज जिवंत असलेल्या कबुतरांमध्ये डोडोला सर्वांत जवळचं आहे ते निकोबारी कबूतर. डोडोचे पूर्वज मॉरिशसला पोचले. तिथे त्यांना खाणारं जनावर नव्हतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पंख लहान होत गेले. मग माणूस आला, त्याच्याबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

निकोबारी कबुतराने पंख सोडले नाहीत. माझ्या मते त्याच्या साऱ्या जगण्याचं मर्म इथे आहे. जमिनीवर चरणारा हा पक्षी समुद्रावरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो, आणि इतर कबुतरांसारखा घोळक्याने नव्हे, तर एकामागे एक रांग धरून. पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात पुढच्याची पांढरी शेपटी मागच्याला दिसत राहते. रांग टिकते ती बहुधा त्यामुळेच. पिल्लांची शेपटी काळपट असते, ती पांढरी व्हायला बराच काळ लागतो.

घरटी तो शक्यतो माणूस नसलेल्या लहान बेटांवर करतो. झाडावर काटक्यांचं विसविशीत घरटं, त्यात एकच पांढरं अंडं. कार निकोबारच्या दक्षिणेचं बट्टीमाल्व हे निर्मनुष्य बेट जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरचं, पण या पक्ष्याचा मोठा आसरा. ते अभयारण्य आहे, हे चांगलंच. पण अंडं घालायला एक बेट आणि पोट भरायला दुसरं, असं ज्याचं राहणं, त्याचं घर एका बेटाच्या हद्दीत मावत नाही. निकोबारपासून थायलंडची सिमिलन बेटं, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी, सॉलोमन, थेट पलाऊपर्यंत तो पसरलेला आहे. नकाशावर हा पसारा प्रचंड दिसतो, प्रत्यक्षात तो सगळा ठिपक्या-ठिपक्यांचा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद 'संकटाच्या उंबरठ्यावर' अशी आहे. त्याचाच एक सगेवाला, ठिपकेदार हिरवं कबूतर, आज लिव्हरपूलच्या संग्रहालयातल्या एकुलत्या एका नमुन्यापुरता उरला आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. इंदिरा पॉइंटच्या दीपस्तंभाचा पायथा पाण्यात गेला, किनाऱ्याचं जंगल समुद्राने गिळलं. ती कुणाच्या हातची गोष्ट नव्हती. आता गॅलाथिया खाडीत बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि शहर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जायचं आहे. जिच्या आईवडिलांनी तिथे घर उभं केलं, त्या माझ्यासारखीला तिथल्या लोकांना दवाखाना आणि रस्ता हवा हे कुणी सांगायला नको. पण एवढं जंगल तोडल्यावर जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याने चरायचं कुठे, याचं उत्तर मला हवं आहे. आणि जहाजं येणार म्हणजे उंदीर येणार. आसपासच्या निर्मनुष्य बेटांवर जाणारी प्रत्येक होडी उंदरांसाठी तपासली जावी, ती तपासणी बंदराच्या पहिल्या दिवसापासून असावी, आणि तिचा खर्च बंदरानेच उचलावा.