पाया खणण्यापूर्वी



काळी आणि पांढरी हे शब्द तुम्हांला नव्याने समजावून सांगायला नकोत. जी पिकते ती काळी आणि जिथे माणसं राहतात ती पांढरी. कोणत्या जमिनीवर काय करावं, याचा विचार आपल्या गावात पूर्वापार होता. आज सरकारी कागदात ज्याला विभाग किंवा झोन म्हणतात, तो याच विचाराचा पुढचा भाग आहे. फरक एवढाच, की पूर्वी ही गोष्ट गावाला तोंडपाठ असे. आता ती नकाशात आणि कागदात पाहावी लागते. पाहिली नाही, तर जन्मभराची पुंजी धोक्यात येते.

घर बांधणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. जमीन कुणाची? तिचा वापर कशासाठी ठरलेला आहे? आणि तिच्यावर घर कसं बांधायचं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असतात. एका कागदाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलं, की माणूस फसतो.

पहिला प्रश्न मालकीचा. शेतजमिनीसाठी सातबारा पाहावा. गाव नमुना सातमध्ये कब्जेदाराचं नाव आणि हक्क असतात, बारामध्ये पिकांची नोंद असते. नुसतं नाव वाचून उतारा घडी घालून ठेवू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर ती विकण्या-घेण्यावर बंधनं असतात. शंका आली तर तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना विचारा.

गावठाणातल्या घरजागेला बहुधा सातबारा नसतो. तिथे नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका मिळते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका देण्याचं काम हाती घेतलं गेलं.

आता ग्रामपंचायतीचा नमुना आठ घ्या. ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. पुष्कळ लोक म्हणतात, “वीस वर्षं घरपट्टी भरतोय, मीटर माझ्या नावावर आहे, मग घर माझंच की!” मंडळी, कर भरल्याची पावती ही कर भरल्याचीच पावती असते. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाला परवानगीही मिळत नाही. गायरानावर घर बांधलेल्यांना याचा फटका बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. जुना ताबा किंवा बांधकामावर झालेला मोठा खर्च हे ती कायम करण्याचं कारण होऊ शकत नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

दुसरा प्रश्न वापराचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली प्रादेशिक योजना आणि शहरांच्या विकास योजना तयार होतात. त्यांच्या नकाशात राहण्याचा विभाग साधारणपणे पिवळा आणि शेतीचा हिरवा रंगवलेला असतो. म्हणूनच लोक यलो झोन, ग्रीन झोन म्हणतात. आपला गट कोणत्या रंगात आहे, हे दलालाच्या तोंडून ऐकू नका. गट नंबर देऊन नगररचना कार्यालयाकडून झोन दाखला घ्या.

समजा, एखाद्याने रस्त्याकडेला दोन गुंठे जागा घेतली. विकणारा सांगतो, “काळजी करू नका, एन. ए. होणारच आहे.” होणार आणि झालं यांत फार अंतर आहे. बिनशेतीचे आणि तुकडेबंदीचे नियम सरकारने वेळोवेळी बदलले, सवलतीही दिल्या. त्यामुळे शेजाऱ्याला दहा वर्षांपूर्वी जे चाललं ते तुम्हांला चालेल, किंवा त्याला जे नाकारलं ते तुम्हांलाही नाकारतील, असं धरून चालू नका. खरेदीच्या दिवशी नियम काय आहे, ते तहसील कार्यालयात विचारून मगच इसार द्या.

नदीकाठच्या गावांनी पूररेषाही पाहावी. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घराला मनाई असते. निळ्या-लाल रेषांमध्ये अटी असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापूर भागात घराघरांत शिरलं. ज्यांनी तो पूर पाहिला, त्यांना या रेषा कशासाठी आखतात हे वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रश्न बांधकामाचा. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ मध्ये ती तरतूद आहे. गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी किंवा त्या भागासाठी नेमलेलं नियोजन प्राधिकरण हे काम पाहतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून राज्यात एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या, भूखंडावरील घरासाठी रीत सोपी केली. पण सोपी म्हणजे माफ नव्हे. मालकीचा कागद, नकाशा आणि शुल्क दाखल करावंच लागतं.

घराभोवती मोकळी जागा सोडा, रस्त्यापासून मागे सरका, या अटी जाचक वाटतात खऱ्या. पण गल्लीत आग लागली आणि बंब आत येईना, तेव्हा सोडलेल्या त्या चार हातांची किंमत कळते.

अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच घ्या. परवानगीला मुदत असते. ती संपण्याआधी काम सुरू करा, नाहीतर मुदत वाढवून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या आणि घर पुरं झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मागा. नगररचना कायद्याखालची परवानगी नाकारली गेली, तर चाळीस दिवसांत अपील करता येतं. विनापरवाना बांधकामाची नोटीस आली, तर ती तुळईला खोचून ठेवू नका. नियमात बसणारं बांधकाम कायम ठेवण्यासाठी मुदतीत अर्ज करता येतो. मुदत उलटली की ती वाट बंद होते.

शिक्षक मित्रहो, इथे तुमचा मोठा उपयोग आहे. गावाचा नकाशा वर्गात लावा. गावठाण, गायरान, ओढा, रस्ता आणि शाळा मुलांकडून रंगवून घ्या. एकदा प्रत्येकाला घरचा सातबारा आणायला सांगा आणि रकाने वाचायला शिकवा. उतारा महाभूलेख या संकेतस्थळावरही पाहता येतो. मुलगी घरी जाऊन “बाबा, इतर हक्कात काय लिहिलंय?” असं विचारील, तेव्हा सही करण्याआधी वडील चष्मा काढून तो रकाना नक्की वाचतील.

घर बांधायला उमेद लागते, पैसा लागतो, हे तर आहेच. पण पहिली कुदळ मारण्याआधी एक आठवडा कागदांना द्या. सिमेंटचं पोतं त्यानंतर आणलं तरी चालेल.